सहा चाळीसचा मिस कॉल

१

मधू रोज संध्याकाळी सहा चाळीसला मला मिस कॉल द्यायचा. बदलापूरच्या कारखान्याच्या गेटवरून, स्कूटरला किल्ली लावायच्या आधी. एक रिंग, कट. म्हणजे निघालो, वीस मिनिटांत पोचतो, चहाचं आधण ठेव. घरात दूध नसेल तर मी उलटा मिस कॉल द्यायची. एक रिंग, कट. मग तो आमच्या इमारतीखालच्या हरिचंद्रच्या दुकानातून दुधाची पिशवी घेऊन वर यायचा. ही सवय कॉल महाग होते तेव्हाची. पुढे कॉल फुकटात जमा झाले तरी आमची सवय सुटली नाही. फोन उचलायचा नाही, परत फोन करून काय झालं म्हणून विचारायचं नाही, हा नियम. मी चुकून उचललाच तर तिकडून "च्" असा जिभेचा वैतागलेला आवाज यायचा आणि फोन बंद व्हायचा.

मी वृंदा. अंबरनाथला शाळेत गणित शिकवते. आम्ही पालेगावच्या एका नव्या इमारतीत चौथ्या मजल्यावर राहतो, दोघंच. मधू आणि मी कॉलेजपासूनचे, त्यामुळे अहो-जाहो कधी जमलं नाही. तो मला "अगं" म्हणतो. "वृंदा" फक्त डॉक्टरांसमोर किंवा फार चिडला असला की.

स्वभावाने मी संशयी आहे, हे आधीच सांगून टाकते. पंचवीस वर्षं पेपर तपासले की माणसाचं दुसरं काय होणार? दोन सारखे पेपर समोर आले की कोणी कोणाचं बघून लिहिलंय ते मी एका मिनिटात सांगते. ज्याने स्वतः गणित सोडवलेलं असतं त्याच्या कागदावर खाडाखोड असते. कॉपी करणाऱ्याचा पेपर स्वच्छ असतो. शाळेत या बाबतीत माझा शब्द शेवटचा मानतात आणि मला त्याचा थोडा गर्वही होता.

नोव्हेंबरात कंपनीने मधूला तीन महिन्यांसाठी पोलंडला पाठवायचं ठरवलं. जायच्या आधी आम्ही उल्हासनगरला कॅम्प दोनमध्ये हरेशभाईच्या मोबाइलच्या दुकानात गेलो. त्याने काउंटरवर दरांची वही उघडली आणि तिच्यात बोट ठेवून समजावलं, "रोमिंग बिलकुल मत लो, साहेब. हे ट्रॅव्हल सिम घेऊन जा, संपलं की तिकडचं लोकल घ्यायचं. आणि तुमचं इंडियन सिम घरी जुन्या फोनमध्ये टाकून ठेवा. ओटीपी आला की भाभीजी वाचून सांगतील. सगळे असंच करतात."

आम्हीही तसंच केलं. मधूचं सिम जुन्या फोनमध्ये घातलं आणि तो फोन फ्रिजवर चार्जिंगला लावून ठेवला.

२

पहिले नऊ दिवस मधू भयंकर कुरकुरला. रोज व्हिडिओ कॉल. आवाज एक सेकंद उशिरा पोचायचा, त्यामुळे आम्ही एकमेकांच्या बोलण्यावर बोलायचो. "अगं, इथे चहा म्हणून काय देतात सांगू का? नको, राहू दे." थंडी, उकडलेले बटाटे, साइटवरचा खडूस इंजिनिअर. त्या नऊ दिवसांत दोनदा ओटीपी मागितला आणि दोन्ही वेळा मी आकडे हळू सांगते म्हणून चिडला.

नवव्या दिवशी मेसेज आला. "अगं, डेटा संपत आलाय. साइटवरून चालत गावात जातो, नवीन सिम घेतो. बर्फ पडतोय. काळजी नको."

त्यानंतर दोन दिवस काही नाही. मी वर्गात शिकवताना फोन टेबलावर उलटा न ठेवता सुलटा ठेवला, जे मी मुलांना कधीच करू देत नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी एका परक्या नंबरवरून व्हिडिओ कॉल आला. नव्या नंबरांचे फसवे फोन किती येतात ते ऐकून होते, म्हणून आधी चेहरा दाखव म्हटलं. चेहरा मधूचाच होता. मागे खिडकी, खिडकीबाहेर बर्फ.

"वृंदा," तो म्हणाला, "घाबरलीस का? नवीन सिम मिळालं. जेवलीस का?"

मला इतकं हायसं वाटलं की मी स्वयंपाकघरात जाऊन रडून आले. नंबर मी "मधू पोलंड" म्हणून सेव्ह केला.

त्याच संध्याकाळी सहा चाळीसला माझा फोन एकदा वाजला आणि बंद झाला. स्क्रीनवर नाव होतं : मधू.

३

मी आधी चहाचं आधण ठेवलं. सवय म्हणजे काय ती. मग गॅस बंद केला आणि फ्रिजवरचा फोन उचलला. त्या नंबरचं सिम या फोनमध्ये होतं, फोन माझ्या घरात होता, आणि त्यातून एकही कॉल गेलेला नव्हता.

दुसऱ्या दिवशी पुन्हा. तिसऱ्या दिवशी मी जुना फोन डायनिंग टेबलावर ठेवला, शेजारी माझा ठेवला आणि सहा पस्तीसपासून दोघांसमोर खुर्ची टाकून बसले. फ्रिजची घरघर चालू होती. वरच्या मजल्यावर कोणीतरी खलबत्त्यात काही कुटत होतं. सहा चाळीसला माझा फोन वाजला. जुन्या फोनची स्क्रीन काळीच राहिली, त्यात पंख्याचं प्रतिबिंब फिरत होतं.

शनिवारी मी हरेशभाईकडे गेले. त्याने दोन्ही फोन उलटसुलट करून पाहिले. "भाभीजी, आजकल फ्रॉडवाले कोणाचाही नंबर तुमच्या स्क्रीनवर दाखवू शकतात. उचलायचा नाही. बस, टेन्शन नका घेऊ."

हे मला पटलं. पण फसवणाऱ्याने रोज त्याच मिनिटाला एकच रिंग द्यावी आणि काहीच मागू नये, हे मात्र पटलं नाही.

इकडे व्हिडिओ कॉल छान चालले होते. मधू आता कुरकुरत नव्हता. माझं पूर्ण ऐकून घ्यायचा, मधे तोडायचा नाही. आवाजही उशिरा पोचत नव्हता. उलट कधीकधी माझा प्रश्न संपायच्या आत उत्तर यायचं. नेटवर्क सुधारलं, मी म्हटलं. नवराही सुधारला. लग्नाच्या चोवीस वर्षांत कोणी मला इतक्यांदा जेवलीस का विचारलं नव्हतं, आणि ते मला आवडत होतं.

४

डिसेंबरात एके दिवशी मी ठरवून फोन हातात धरून बसले आणि रिंग सुरू होताच उचलला.

वारा होता. जोराचा, मोकळ्यावरचा. कोणीतरी बरंच चालून आल्यासारखं श्वास घेत होतं. मी "हॅलो" म्हणाले. मग अगदी जवळून आवाज आला, "च्." आणि फोन कट.

तो आवाज दुसऱ्या कोणाचा असणं शक्य नव्हतं. मी खुर्चीतच बसून राहिले आणि माझ्या डोक्यात जे आलं ते फार साधं होतं. हा गेलाच नाही. हा इथेच आहे. बदलापूरला कुठेतरी खोली घेतलीय, भिंतीवर बर्फाचं चित्र लावलंय, आणि सवयीने रोज मला मिस कॉल देऊन बसतोय. खोलीत आणखी कोण आहे, हेही मी मनात ठरवून टाकलं. त्या रात्री मी जेवले नाही.

दुसऱ्या दिवशी शाळेतून थेट कारखान्याच्या गेटवर गेले. सखा तिथला वॉचमन. बारवीकडच्या एका पाड्यावरचा, मधूला चांगला ओळखणारा.

"साहेब येतात का रे इथे?"

"सायेब? सायेब तं भाईरच्या देशात हायत ना, बाय. मीच त्यांची ब्याग गाडीत ठेवली."

"मग संध्याकाळी सहा चाळीसला इथे कोण असतं?"

 सखाने केबिनचं दार पुढे ओढलं. "कोन तरी उभं र्‍हातं. त्या तिकडं, स्कूटरच्या शेडखाली. हेल्मेट घातलेलं. मी हाक मारली दोनदा, वर बघत नाय. फोनात बघत र्‍हातं. मंग जातं."

"तू जवळ गेला नाहीस?"

"गेलो व्हतो येकदा. बूट भिजलेलं व्हतं त्याचं. पाऊस नाय, पानी नाय, आन् बूट भिजलेलं." त्याने शेडकडे पाठ केली. "तुमी नका थांबू, बाय. जा घरी."

मधूचं हेल्मेट आमच्या पॅसेजमध्ये खिळ्याला टांगलेलं होतं. स्कूटर खाली ताडपत्रीत बांधलेली होती. घरी आल्यावर मी दोन्हींना हात लावून पाहिलं.

५

मग मी परीक्षा घ्यायची ठरवली. आम्हा शिक्षकांना शेवटी तेवढंच येतं.

फ्रिजमध्ये अर्धा लिटर दूध होतं, ते मी वरच्या मजल्यावरच्या बाईंना देऊन टाकलं. सहा चाळीसला मिस कॉल आला. मी तो नंबर लावला, एक रिंग होऊ दिली आणि कट केला. फ्रिजवरचा फोन वाजला नाही.

वीस मिनिटं मी दाराच्या आत उभी होते. सात वाजता जिन्यात पावलं वाजली. लिफ्ट असून मधू जिन्यानेच यायचा, गुडघे चांगले राहतात म्हणून. पावलं चौथ्या मजल्यावर आली, दारापाशी थांबली. बेल वाजली नाही. प्लास्टिक चुरचुरलं आणि पावलं परत खाली गेली.

मी बराच वेळ गेल्यावर दार उघडलं. बाहेरच्या कडीला दुधाची पिशवी अडकवलेली होती, आम्ही नेहमी घेतो तीच. हाताला नेहमीपेक्षा जास्त गार लागली.

मी पिशवी घेऊन खाली हरिचंद्रकडे गेले. "ही कोणी नेली?"

"साहेबांनी, वहिनी." त्याने मान वर करून पाहिलं. "का? जास्तीची झाली? कधी आलात म्हटलं तर बोललेच नाहीत. हेल्मेट पण काढलं नाही, घाईत होते."

ते दूध मी मोरीत ओतलं.

६

त्या रात्री "मधू पोलंड"ला मी सगळं सांगितलं. म्हणजे जवळजवळ सगळं. तुझ्या जुन्या नंबरवरून रोज मिस कॉल येतो, कोणीतरी दारापर्यंत आलं होतं, एवढंच. दुधाचं बोलायला मला लाज वाटली. आपणच बोलावलं होतं ना.

त्याने शांतपणे ऐकलं. खिडकीबाहेर तसाच बर्फ होता.

"वृंदा, ते सिम काढ आणि कात्रीने काप."

"आणि ओटीपी?"

"मला ओटीपी लागत नाहीत."

खरंच होतं. त्या दोन दिवसांनंतर त्याने एकदाही ओटीपी मागितला नव्हता. मी आतून कात्री आणली. तो स्क्रीनवरून बघत होता, मी कापेपर्यंत त्याने पापणी हलवली नाही. नेटवर्क अडकलं असेल असं मला वाटलं.

"शाबास," तो म्हणाला.

त्यानंतर जानेवारीभर मिस कॉल आला नाही. मला बरं वाटायला हवं होतं. संध्याकाळी सहा चाळीसला मी उगीचच फोनकडे बघायची आणि मग स्वतःवरच रागवायची. मधू परत आला की हे सगळं संपेल, असं मनाला बजावत होते. मला फक्त माझा नवरा घरात हवा होता, दुसरं काही नको होतं.

७

चौदा फेब्रुवारीला त्याचं विमान दुपारी चारला उतरणार होतं. पोलंडचं सिम तिथेच संपणार, इकडचं सिम मी कापलेलं. विमानतळावरच्या वायफायलाही इथल्या नंबरवर ओटीपी लागतो. म्हणजे उतरल्यावर घरी येईपर्यंत त्याच्याकडे मला कळवायचं साधनच नव्हतं. टॅक्सीने आठपर्यंत पोचेन, असं तो आधीच म्हणाला होता.

मी पुरणपोळ्या करायला घेतल्या. हात कणकेने माखलेले, कुकर शिट्ट्या मारतोय, पुरण खाली लागतंय की काय याची धास्ती. ओट्यावरचा फोन एकदा वाजला आणि बंद झाला. स्क्रीनवर मधू. आला! मी तशाच कणकेच्या बोटाने नाव दाबलं, एक रिंग दिली, कट केलं. घरात दूध नव्हतं.

मग घड्याळाकडे लक्ष गेलं. सहा चाळीस झाले होते.

मी हात धुतले. कुकर बंद केला. दाराला खालची कडी होतीच, वरची घातली. ती जाड कडी जरा वाकडी आहे, दार खांद्याने रेटल्याशिवाय लागत नाही. मग स्टुलावर बसले आणि जिना ऐकत राहिले.

सातला पावलं आली. या वेळी बेल वाजली.

मी दारातल्या भिंगातून पाहिलं. बाहेर जिन्यातला दिवा मिणमिणता आहे, नीट दिसत नव्हतं. निळा ऑफिसचा शर्ट. हेल्मेट, त्यावर डाव्या बाजूला अर्धवट फाटलेलं पिवळं स्टिकर. मी मागे वळून पाहिलं. तेच हेल्मेट, त्याच स्टिकरसकट, माझ्या मागे खिळ्याला होतं.

बाहेरच्याच्या हातात दुधाची पिशवी होती. बॅग नव्हती. बुटांभोवतीची लादी ओली होत चालली होती. त्याने हेल्मेटची काच वर केली. चेहरा वाळला होता, ओठ फुटले होते, दाढी वाढलेली होती. पोलंडवाल्याची दाढी रोज गुळगुळीत असायची.

"अगं, उघड ना," तो म्हणाला. "पिशवी गळतेय."

माझा हात कडीवर गेला होता, हे मी कबूल करते. तेवढ्यात फोन वाजला. अनोळखी नंबर. मी उचलला.

"वृंदा, मी मधू. ड्रायव्हरच्या फोनवरून बोलतोय. शिळफाट्याला आहे. दारात कोणी असेल तर उघडू नकोस."

मी हात काढून घेतला. दाराला पाठ लावून मी खाली बसले आणि कानांवर हात ठेवले. तरी ऐकू येत होतं. तो ओरडला नाही, दार ठोठावलं नाही. अजून दोनदा "अगं" म्हणाला. नंतरचं "च्" मात्र वैतागाचं नव्हतं, दमलेल्या माणसाचं होतं. मग पावलं खाली गेली, एकेका पायरीवर थांबत.

आठला मधू आला. दोन बॅगा, कडक इस्त्रीचा शर्ट, गुळगुळीत दाढी. मी वरची कडी काढली आणि त्याला घट्ट मिठी मारली. त्याने पुरणपोळी दुधाशिवायच खाल्ली आणि छान झालीय म्हणाला.

सकाळी कामाला येणाऱ्या सुंदराबाईंनी दारातूनच विचारलं, "वहिनी, दूध कोनी सांडलं? आन् जिन्यात खालपर्यंत बुटाचं ठसं हायत ओलं. दोनदा पुसलं, वाळतच नायत."

८

"तो नंबर आता नको," मधू म्हणाला आणि नवीन सिम घेऊन आला. मी तो नंबर "मधू नवा" म्हणून सेव्ह केला. जुना खोडायचा राहून गेला.

सोमवारी तो कारखान्यात गेला. सहा चाळीसला मिस कॉल आला नाही. तीन महिन्यांत सवय मोडली असेल, मी म्हटलं. पण एक गोष्ट मला दोन दिवस टोचत होती. शिळफाट्यावरच्या टॅक्सीत बसून याला कसं कळलं की दारात कोणी आहे?

काल मी फ्रिजमधलं दूध पुन्हा वरच्या बाईंना दिलं. पावणेसातला "मधू नवा"ला एक रिंग देऊन कट केलं. दहा सेकंदांत त्याचा फोन आला.

"वृंदा, फोन केला होतास? काय झालं?"

वीस वर्षांत मधूने मिस कॉलवर कधी परत फोन केला नव्हता. "काही नाही, चुकून लागला," मी म्हटलं. तो सात वाजता आला. लिफ्टने, रिकाम्या हाताने, हसतमुख. रात्रभर मी त्याच्या शेजारी डोळे उघडे ठेवून पडले होते. त्याच्या बोलण्यात, वागण्यात, चेहऱ्यावर एकही खाडाखोड नव्हती. पेपरांच्या बाबतीत कधी न चुकलेली मी, जो दमून, चालत, माझ्यासाठी दूध घेऊन घरी आला होता, त्याला दाराबाहेर ठेवून बसले होते.

आज त्याने सुट्टी घेतली. दुपारपासून तो समोरच्या सोफ्यावर बसलाय आणि मी पेपर तपासण्याचं नाटक करतेय. सहा चाळीसला माझा फोन वाजला. एक रिंग, कट. मधू.

"घेऊ नकोस, वृंदा," तो म्हणाला.

मी घेतला नाहीच, आमचा तसा नियमच आहे. मी टेबलाखाली तो नंबर लावला, एक रिंग होऊ दिली आणि कट केलं. मग उठले आणि चहाचं आधण ठेवलं. दोघांचं.

 तो उठून दारापाशी गेला, खांद्याने दार रेटून वरची कडी लावली आणि दाराला पाठ टेकून उभा राहिला. अजून हसतोच आहे.

आता सात वाजलेत. जिन्यात पावलं आहेत, तिसऱ्या मजल्यापर्यंत आलीत. मी गॅस बारीक केलाय आणि खलबत्त्यातला बत्ता हातात घेऊन दाराकडे निघालेय. या वेळी मी दार उघडणार आहे.